सुर्ला : नदीकाठच्या एका गावाचा इतिहास

गोव्याच्या नकाशावर सुर्ला ह्या नावाची दोन गावे आढळतात. एक डिचोली तालुक्यात, मांडवीच्या उत्तर बाजूस, पाळी, वेळगे, कुडणे, आमोणे ह्या गावांच्या मेळ्यात वसलेले. दुसरे सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, चोर्ला घाटाच्या अंगाला. पहिल्याच्या अंगणात भरतीचे पाणी येते, दुसऱ्याच्या अंगणात ढग उतरतात. रोमन लिपीत लिहिलेल्या कागदांत मात्र ह्या दोहोंत काही फरक राहत नाही. अक्षरे तीच आणि तितकीच. म्हणून ज्या कोणास सुर्ल्याच्या इतिहासासाठी पोर्तुगेज दप्तराचे पान उलटावयाचे असेल, त्याने प्रथम एवढेच ठरवावयाचे असते की समोरचा उल्लेख खालच्या सुर्ल्याचा आहे की वरच्या. ही अडचण क्षुल्लक वाटेल. परंतु लहान गावांचे इतिहास ज्या चुकांनी बिघडतात त्यांतील निम्म्या चुका ह्याच जातीच्या असतात. आमच्या ह्या लेखाचा विषय डिचोलीचे सुर्ला हा आहे. वरच्या सुर्ल्याकडे शेवटी वळावे लागेल, कारण दोन्ही गावांना जोडणारे नावाखेरीज आणखीही एक सूत्र आहे.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी आम्ही येथे फारसे लिहिणार नाही. ग्रामनामांची व्युत्पत्ती हा आपल्याकडील लेखकांचा आवडता खेळ आहे. एखादा संस्कृत शब्द हाती धरावा, त्याची दोनचार अक्षरे झिजवावी आणि गावाचे नाव सिद्ध झाले म्हणावे, ही रीत वाचावयास मनोरंजक असली तरी तिच्यातून ज्ञान फार थोडे निघते. सुर्ल्याच्या बाबतीत तर एक साधी कसोटी हाताशी आहे. जी व्युत्पत्ती नदीकाठच्या खाजणी गावाला लागू पडेल आणि घाटमाथ्यावरील गावाला लागू पडणार नाही, ती संशयास्पद समजावी. जवळच्याच पिसुर्ले ह्या नावाच्या शेवटी तीच अक्षरे येतात, हेही विसरता कामा नये. ज्यांस हा खेळ खेळावयाचा असेल त्यांनी तिन्ही गावे एकदम हिशेबात घ्यावी.

नाव बाजूस ठेवून जमीन पाहू लागलो म्हणजे पहिली गोष्ट लक्षात येते ती नदी. मांडवीचे भरतीचे पाणी गांज्यापर्यंत चढते. अर्थात सुर्ल्याच्या काठाला समुद्र मैलोगणती दूर असूनही त्याचा श्वास तेथे रोज दोन वेळा येऊन जातो. रस्ते आणि पूल होण्यापूर्वी ह्या साऱ्या मुलखाची ये-जा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालत असे. भरतीबरोबर होडी वर चढावयाची, ओहोटीबरोबर खाली उतरावयाची. काठावरच्या गावाचे भाग्य त्याच्या उतारावर अवलंबून असे, आणि अशा उताराच्या जागेला गोव्यात ‘तार’ म्हणतात. शिवोलीची तार, म्हापशाची तार ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘तरणे’ आणि ‘तारणे’ ह्या क्रियापदांशी त्या शब्दाचे नाते उघड आहे. सुर्ल्यालाही तार आहे, आणि गावाच्या इतिहासाचे सर्वांत जुने उभे साधन त्या तारीवरच आहे : एक मशीद आणि तिच्यालगतचे तळे. ती आदिलशाही काळातील मानण्यात येतात. आज मशीद व तळे मिळून राज्य शासनाच्या संरक्षित स्मारकांत त्यांची गणना होते.

डिचोली तालुका प्राचीन अवशेषांच्या दृष्टीने दरिद्री नाही. हरवळ्याच्या कोरीव गुंफा, त्यांतील लिंगे आणि एका लिंगावरील छोटा संस्कृत लेख विद्वानांच्या चर्चेत आहेतच. कुडण्यास ‘गुजीर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जैन देवालयाचे भग्नावशेष आहेत. नार्व्यासही जैन वस्तीचे अवशेष सापडतात. आमोण्याचा बेताळ सर्वश्रुत आहे. ह्या सर्वांच्या मध्ये सुर्ल्याची मशीद प्रथमदर्शनी एकाकी दिसते. ती एकाकी नाही, असे आमचे मत आहे. उलट, ह्या मुलखाच्या सोळाव्या-सतराव्या शतकांचा उलगडा करण्यास तिच्याइतके उपयोगी साधन दुसरे क्वचितच असेल. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१५१० मध्ये आफोंस द आल्बुकेर्क ह्याने गोवे शहर घेतले आणि तिसवाडी बेट पोर्तुगेजांकडे गेले. बारदेश व साष्टी हे प्रांत १५४३ मध्ये त्यांच्या हाती आले. तेवढ्यावर त्यांचा विस्तार पुढील दोन शतके थांबला. डिचोली, फोंडा, पेडणे हा सर्व मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडे राहिला. म्हणजेच मांडवी ही ह्या काळात केवळ नदी नव्हती; दोन राज्यांमधील आणि दोन धर्मधोरणांमधील ती सीमा होती. दिवाडी बेटावरील कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर ह्याचे देवालय उद्ध्वस्त झाल्यावर त्याचे लिंग नदीपलीकडे डिचोली महालात आणण्यात आले आणि नार्व्यास त्याची स्थापना झाली. तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील किती देवतांनी ह्याच रीतीने पाणी ओलांडले, ह्याची कथा गोव्यातील घराघरांत सांगितली जाते. सांगताना एक गोष्ट मात्र बहुधा गाळली जाते. देव ज्या भूमीत आश्रयास आले ती भूमी त्या वेळी सुलतानाची होती. ज्या राज्याच्या अंमलात सुर्ल्याच्या तारीवर मशीद आणि तळे झाले असे मानतात, त्याच राज्याच्या अंमलात नार्व्यास सप्तकोटीश्वराला छप्पर मिळाले. हे विजापूरच्या उदारतेचे प्रमाणपत्र म्हणून आम्ही मांडीत नाही. दख्खनच्या सुलतानांनीही देवळे फोडली आहेत, आणि खुद्द सप्तकोटीश्वराने पोर्तुगेजांच्या पूर्वी बहामनी काळात एकदा संकट सोसलेले होते. परंतु त्या विशिष्ट काळी, त्या विशिष्ट नदीच्या काठी, आश्रय देणारी बाजू कोणती आणि आश्रय मागावयास लावणारी बाजू कोणती, हे स्पष्ट आहे. आणि शाळेतील मुलांस ही गोष्ट सांगताना मशिदीला वगळून ती पुरी सांगता येणार नाही.

शिवाजी महाराजांनी १६६८ च्या नोव्हेंबरात नार्व्याच्या सप्तकोटीश्वराच्या मंदिराचे बांधकाम सुरू करविले. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी तिथी देणारा शिलालेख तेथे आहे. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १६८३ च्या अखेरीस, संभाजी महाराज आणि पोर्तुगेज ह्यांच्या युद्धात हाच मुलूख सैन्यांच्या वर्दळीखाली आला. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर त्या वेळी संभाजी महाराजांच्या आश्रयास होता आणि डिचोलीच्या आसपास त्याचा मुक्काम पडला होता. डिचोलीचा नमाजगाह त्याच्याच नावाशी परंपरेने जोडला जातो. म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या अवधीत आणि काही कोसांच्या परिघात मराठा राजाने उभारलेले शिवालय आणि मराठा राजाच्या आश्रितासाठी झालेला नमाजगाह अशा दोन वास्तू निर्माण झाल्या. सुर्ल्याची मशीद ह्या परिघातच उभी होती.

पुढे ह्या भागावर सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल बसला. अठराव्या शतकात पोर्तुगेजांनी सावंतांशी अनेक युद्धे केली. १७४६ मध्ये मार्केस द कास्तेलो नोव्हो ह्याने हळर्ण्याचा किल्ला घेतला आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला ‘मार्केस द आलोर्ना’ ही पदवी मिळाली. डिचोली व सांखळीही त्या सुमारास त्याच्या हाती पडली. परंतु ही जीत टिकली नाही. मध्यंतरी मुलूख पुन्हा सावंतांकडे गेला आणि अखेरीस १७८१ पासून पुढच्या सात वर्षांत डिचोली, सत्तरी आणि सर्वांत शेवटी १७८८ मध्ये पेडणे कायमचे पोर्तुगेजांकडे आले. ‘नव्या काबिजादी’ हे ह्या प्रदेशाचे नाव तेव्हापासूनचे.

हा कालक्रम सर्वांच्या पाठ्यपुस्तकात असतो. त्याचा अर्थ मात्र कोठेच नीट सांगितलेला आढळत नाही. गोवे १५१० मध्ये गेले आणि १९६१ मध्ये परत आले. तेव्हा साडेचारशे वर्षांची पोर्तुगेज सत्ता, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते साऱ्या गोव्याला लागू आहे असे वाटू लागते. सुर्ल्याला ते लागू नाही. सुर्ल्याने पोर्तुगेज सत्ता १७८१ पासून मोजली तर एकशेऐंशी वर्षे पाहिली. आणि त्या एकशेऐंशी वर्षांतील पोर्तुगेज राज्य हे सोळाव्या शतकातील पोर्तुगेज राज्य नव्हते. नवा मुलूख घेताना तेथील लोकांच्या धर्मात व चालीरीतींत हात घालणार नाही, असे आश्वासन राज्यकर्त्यांस द्यावे लागले. इन्क्विझिशनचा अंत १८१२ मध्ये झाला. नव्या काबिजादींतील हिंदूंच्या चालीरीतींची संहिता १८२४ मध्ये तयार करण्यात आली. ज्या राज्याने एके काळी तुळशीवृंदावनावर बंदी घातली त्याच राज्याचे अधिकारी आता वारसाहक्क, दत्तक आणि देवस्थानचे मान ह्यांविषयी गावच्या जाणत्यांस विचारून लिहून घेऊ लागले. त्यामुळेच जुन्या काबिजादींत जुने देऊळ वा जुनी मशीद शोधून सापडत नाही आणि नव्या काबिजादींत सुर्ल्याची मशीद व फोंड्याची साफा मशीद उभ्या राहिल्या. सुर्ल्याच्या तारीवरील वास्तू तेथे आहे हाच पुरावा आहे : ती उशिरा जिंकली गेली, म्हणून ती वाचली.

एकोणिसावे शतक ह्या गावात कसे गेले असेल, ह्याची रूपरेषा साऱ्या डिचोली महालाच्या रूपरेषेहून निराळी काढण्याचे कारण नाही. गावकरी, देवस्थान, महाजन, नमसीच्या जमिनी, कुळे, कुळागरे, सरद आणि वायंगण ही दोन भातपिके, शिगमा आणि काला. घरात कोंकणी, पाटीवर व पोथीत मराठी, कचेरीत पोर्तुगेज, अशी तीन भाषांची वाटणी. हिशेब मोडीत. सत्तरीच्या राण्यांची बंडे शेजारून गेली. १८५२ चे दिपाजी राण्यांचे, १८९५ चे दादा राण्यांचे. त्यांचा धूर सुर्ल्यास दिसत असलाच पाहिजे, पण ती कथा सत्तरीची आहे आणि तेथील लेखकांनी ती लिहिली आहे.

येथे एका व्यक्तीचे स्मरण करणे उचित होईल. सुर्ल्यापासून थोड्याच अंतरावरील पिसुर्ले ह्या गावी १८९४ मध्ये पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर ह्यांचा जन्म झाला. गोव्याच्या दप्तरखान्याचे अधिपती म्हणून त्यांनी सुमारे तीस वर्षे काम केले. पोर्तुगेज दप्तरांचा मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला. पोर्तुगेजांच्या हिंदुस्थानातील वकिलांचा इतिहास पोर्तुगेज भाषेत लिहिला. आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीत दिला, जो १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये ते निवर्तले. मोडी आणि पोर्तुगेज ह्या दोन्ही कागदांवर सारखीच हुकमत असलेला हा संशोधक नव्या काबिजादींच्या मातीतून निघाला हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या मुलखात हिशेब एका लिपीत आणि हुकूम दुसऱ्या लिपीत येत असे, त्या मुलखातील बुद्धिमान मुलाला दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचण्याची सवय लहानपणीच लागली असल्यास नवल नाही. परंतु त्यांच्या आडनावातील गाव आज कशासाठी ओळखले जाते, हे विचारले तर उत्तर येईल : खाणींसाठी. आणि सुर्ल्याविषयीही उत्तर तेच येईल.

खाणींचा इतिहास आपल्याकडे बहुधा उद्योगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यात निर्यातीचे आकडे असतात, बंदरातील यांत्रिक धक्क्यांची वर्णने असतात, जपानशी झालेले करार असतात. पोर्तुगेज वसाहतींसाठी खाणींचा कायदा १९०६ मध्ये झाला. त्याखाली कायम स्वरूपाच्या सवलती देण्यात येत. गोव्याच्या लोहखनिजाची खरी निर्यात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, सुरू झाली आणि १९५० नंतरच्या दशकात जपानच्या पोलाद-कारखान्यांच्या मागणीने ती झपाट्याने वाढली. डिचोली तालुक्याच्या टेकड्या ह्या पट्ट्याच्या मध्यभागी येतात. सुर्ल्याची जी नदी शतकानुशतके होड्या वाहत होती तिच्यावर बार्जी आल्या. काठावर खनिजाचे ढीग आले, आणि मांडवी भरती-ओहोटीच्या त्याच वेळापत्रकाने मुरगांवच्या बंदराकडे टेकड्या वाहून नेऊ लागली. तारीचा अर्थ एका पिढीत बदलला. पूर्वी माणसे पाणी उतरत. आता माती उतरू लागली.

गोव्याचे खनिज फार उच्च प्रतीचे नाही, आणि ते उघड्या खाणींतून काढावे लागते. एक टन खनिज हाती येण्यास अडीच ते तीन टन माती व दगड बाजूस काढावे लागतात. ही अडीच-तीन टन माती कोठे जाते, हा प्रश्न उद्योगाच्या इतिहासात येत नाही. गावाच्या इतिहासात मात्र तोच पहिला प्रश्न आहे. ती शेजारच्या डोंगरावर रचली जाते. पावसाळ्यात तिचा गाळ ओहळांत उतरतो, ओहळांतून शेतांत आणि कुळागरांत. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला म्हणजे त्यातील पाणी उपसून बाहेर टाकावे लागते आणि त्या उपशाने गावच्या विहिरी व झरी आटतात. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील गावागावांची ही तक्रार पन्नास वर्षांची आहे. दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ज्या मुलखात मध्यम शेतकऱ्याच्या घरी रोख रुपया वर्षातून एकदा येत असे, तेथे खाणीने महिन्याचा पगार आणला. ट्रक आले, ट्रकांचे हप्ते आले, मुलांची शिक्षणे झाली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते, आणि मुक्त गोव्यात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचे श्रेय त्यांच्याच राजवटीला आहे. ज्या शाळेत सुर्ल्यासारख्या गावचा इतिहास आज कोणी शिकवू शकेल ती शाळा आणि ज्या खाणीने त्या इतिहासाची जमीन उपसली ती खाण, ह्या दोहोंचा काळ एकच आहे. ह्या गुंत्यापासून दूर राहून खाणींची केवळ स्तुती किंवा केवळ निंदा करणे सोपे आहे. गावात राहणाऱ्यांस ती सोय नसते.

पोर्तुगेज सवलतींचे भारतीय कायद्याखालील भाडेपट्ट्यांत रूपांतर १९८७ च्या अधिनियमाने झाले. अशा सवलती पाचशेंहून अधिक होत्या. चीनच्या मागणीने २००० नंतरच्या दशकात निर्यात इतकी वाढली की २०१०-११ च्या सुमारास ती वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास गेली. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने खाणकाम थांबविले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये मर्यादेसह मुभा मिळाली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद पडले. मधल्या काळातच, २०१७ च्या एप्रिलात, शेजारच्या सोनशी गावच्या रहिवाशांनी खनिजवाहू ट्रकांच्या धुळीला कंटाळून रस्ता अडविला आणि त्यांपैकी ४५ जणांस तुरुंगात जावे लागले. त्यानंतर शासनाने खनिज-क्षेत्रांचे लिलाव सुरू केले. ह्या लिलावांतील एका क्षेत्राचे नाव ‘सुर्ला-सोनशी’ असे आहे. एखादे गाव शासकीय कागदावर ह्या रीतीने अवतरते, तेव्हा त्या नावाने माणसे, तार, तळे वा मशीद ह्यांपैकी कशाचाच निर्देश होत नसतो. तेथे सुर्ला म्हणजे इतके हेक्टर आणि इतके टन. १७८१ च्या विजेत्यांच्या कागदावरही सुर्ला म्हणजे इतका वसूल एवढेच होते. गावाच्या नोंदी ह्या नेहमी गावाकडून काही घ्यावयाचे असते तेव्हा होतात. आणि इतिहासकार पुढे त्याच नोंदींवर विसंबून गावाचा इतिहास लिहितो.

ह्या ठिकाणी परदेशातील एक उदाहरण आम्हांस बोधक वाटते. दक्षिण ऑस्ट्रेलियात बर्रा नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८४५ मध्ये तांब्याचा शोध लागला, इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील खाणकामगार समुद्र ओलांडून आले, आणि १८७७ मध्ये खाण बंद पडली. गाव मात्र राहिले. मेंढपाळीवर आणि शेतीवर जगले. इंजिनघरे, धुराडी, कामगारांच्या चाळी हे सारे तेथील लोकांनी जपले, आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा-यादीत ह्या खाणस्थळाचा समावेश झाला. त्या देशातील लहान गावांत स्थानिक इतिहासाची मंडळे असतात. गावचा शिक्षक, टपालमास्तर, एखादी निवृत्त परिचारिका अशी माणसे वर्गणीपत्रके, खाणीच्या वह्या आणि दफनभूमीतील नावे उतरून ठेवितात. ह्या उद्योगाचे कौतुक करावे तितके थोडे. परंतु बर्राचा इतिहास खाणीपासून सुरू होतो, कारण ते गावच खाणीने जन्मास घातले. त्या भूमीवर त्यापूर्वी राहणाऱ्या ङाजुरी लोकांची स्मृती त्या इतिहासात अगदी अलीकडेपर्यंत जवळजवळ नव्हती. सुर्ल्याची स्थिती नेमकी उलट आहे. येथे खाण नंतर आली, गाव आधीपासून होते. तेव्हा आपल्याकडे जर खाणीलाच गावचा इतिहास मानण्याची सवय लागली, तर ङाजुरींच्या जागी आपलेच पूर्वज जाऊन बसतील.

आता वरच्या सुर्ल्याकडे वळू. सत्तरीचे सुर्ला १९९९ मध्ये घोषित झालेल्या म्हादई अभयारण्याच्या परिसरात येते. त्या गावाचे नाव धारण करणारा सुर्ला नाला हा कर्नाटक आणि गोवा ह्यांच्या पाणीतंट्यातील एक पक्षकारच म्हणावयाचा. कळसा आणि हळतरा ह्या नाल्यांबरोबर त्याचेही पाणी वळविण्याचा विषय वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले, आणि तिन्ही राज्यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. वरच्या सुर्ल्याचे पाणी म्हादईला मिळते, आणि म्हादई खाली आल्यावर तिलाच मांडवी म्हणतात. घाटमाथ्यावरच्या ओहळात पडलेला पाऊस अखेर खालच्या सुर्ल्याच्या काठाने समुद्राकडे जातो. एका सुर्ल्याचे नाव वर्तमानपत्रात पाण्यासाठी येते, दुसऱ्याचे मातीसाठी. आणि दोहोंतही वाद हाच की वरून खाली जाणारे हे द्रव्य कोणाच्या मालकीचे. घाटातून बैलांचे तांडे मीठ वर नेत व धान्य खाली आणीत, तेव्हाही ही देवघेव चालतच होती. फरक एवढाच की त्या काळी दोन्ही टोकांच्या माणसांना एकमेकांची तोंडओळख असे.

मग गावाचा इतिहास कशावरून लिहावयाचा? मशीद आणि तळे संरक्षित आहेत. देवस्थानांच्या वह्या महाजनांकडे असतात, आणि १९३३ च्या देवस्थान-विनियमामुळे त्यांतील पुष्कळसा भाग सरकारी नोंदीतही उतरला आहे. घराघरांत मोडी कागदांची गाठोडी असण्याचा संभव आहे, आणि ती वाळवीच्या आधी कोणी वाचील तर बरे. ह्या साधनांविषयी अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. आम्हांस एका निराळ्या साधनाकडे लक्ष वेधावयाचे आहे, ज्याकडे इतिहासकार सहसा पाहत नाहीत, कारण ते इतके सामान्य आहे की तलाठ्याच्या कचेरीत कोणासही मिळते.

गोव्याचा जमीन-महसूल अधिनियम १९६८ चा. त्याच्या आधारे पुढील दशकात गावोगाव मोजणी झाली, आणि प्रत्येक तुकड्यास क्रमांक मिळून ‘एक-चौदा’ ह्या नावाने ओळखला जाणारा उतारा तयार झाला. ह्या उताऱ्यात मालक, कूळ, क्षेत्र ह्यांच्या रकान्यांबरोबर शेताच्या नावाचाही एक रकाना आहे. क्रमांक देणाऱ्याला नावाची गरज नव्हती; तरी रकाना ठेविला गेला आणि मोजणीदाराने शेतकऱ्याला विचारून तो भरला. गोव्यातील शेतांच्या नावांत मोरड, खाजन, वायंगण, भाट, आगर, सडा, बांध, तळी हे शब्द पदोपदी येतात, आणि त्यांपैकी प्रत्येक शब्द जमिनीची उंची, पाण्याची सोय किंवा पिकाची जात सांगतो. कोठे देवाचे नाव असते, कोठे झाडाचे, कोठे ज्याचा वंश उरला नाही अशा कुळाचे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात मोजणी होण्यापूर्वीच खाणी सुरू झालेल्या होत्या, तरी बराचसा डोंगर त्या वेळी शाबूत होता. जी जागा पुढे दोनशे-अडीचशे फूट खोल खड्डा झाली तिचे नाव त्या रकान्यात अजून ‘मोरड’ असे लिहिलेले असू शकते, आणि जेथे टाकाऊ मातीचा ढीग आहे तेथे ‘वायंगण’. वायंगण म्हणजे हिवाळ्यात वाहत्या पाण्यावर घेतलेले पीक. तो शब्द वाचणाऱ्याला एवढे कळते की ह्या ठिकाणी पावसाळा संपल्यावरही पाणी वाहत होते.

सुर्ल्याच्या शाळेतील सातवीच्या वर्गाने एका वर्षात गावच्या साऱ्या उताऱ्यांतील हा एक रकाना वहीत उतरून काढणे अशक्य नाही. रोमन लिपीतील नावे देवनागरीत आणताना मुलांना आजीकडे जावे लागेल, कारण उच्चार कागदावर नाही. ज्या आज्यांना ती शेते पायांनी ठाऊक आहेत त्यांचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे.